गेंड्याच्या नाकाला हात

मंगळवार, ४

आज ती पुन्हा पिंपावर चढली.

ही वही मामीने दिली आहे. म्हणाली, "डोकं तापलं की आधी यात लिही आणि मग तोंड उघड. म्हणजे गिऱ्हाइकं तरी टिकतील." तर लिहितो. डोकं तापलेलंच आहे.

मामाच्या गॅरेजमध्ये ट्रक दुरुस्त होतात. मी कॉलेज अर्धवट सोडून इथे आलो, म्हणून सगळे मला 'इंजिनियर' म्हणतात. मानाने नव्हे. "इंजिनियर, झाडू आण." "इंजिनियर, ऑइल सांडलं, पूस." ड्रॉइंगच्या सरांनी माझ्या चित्रावर लाल पेनाने 'हे वापरणार कोण?' एवढंच लिहून ते परत दिलं, आणि मी ते त्यांच्याच टेबलावर आपटून बाहेर पडलो, ही हकीकत मामाने प्रत्येक गिऱ्हाइकाला चहाबरोबर फुकट वाढली आहे. वाढू दे. मी बरोबरच होतो.

मुद्दा पिंपाचा. लाकडाच्या डेपोचे जे लांब नाकाचे ट्रक आहेत त्यांना आम्ही गेंडे म्हणतो. पुढे लोखंडी बंपर शिंगासारखा आलेला, चाकं माणसाच्या छातीला लागतील एवढी, आणि बॉनेट उघडलं की इंजिन आत खोल, विहिरीत पडल्यासारखं. माझ्यासारखा उंच माणूसही टाचा उचलून कसाबसा पोचतो. त्यासाठी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं एकच साधन आहे: ऑइलचं रिकामं पिंप. उभं करायचं, वर चढायचं, मडगार्डवर पोट टेकवायचं आणि आत लटकायचं.

गेल्या वर्षी मोठे मिस्त्री याच पिंपावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन घरी बसतात. त्यांच्या जागी त्यांची मुलगी आली. काम बापाच्या तोडीचं, उंची बापाच्या निम्मी. सगळे तिला मिस्त्रीण म्हणतात. मीही तेच म्हणतो. मनात काय म्हणतो ते इथे लिहिणार नाही, कारण ही वही मामीने दिली आहे आणि मामी काही संत नव्हे.

ज्या पिंपाने बापाला पाडलं त्याच पिंपावर मुलगी चढते आणि मामा बघत राहतो. बघतही नाही खरं तर. ती चढली की मामाला नेमकं मागच्या खोलीत काहीतरी शोधायचं असतं. इतका निर्दय माणूस मी पाहिला नाही.

बुधवार, ५

आज कळलं ते लिहिताना पेन कागदात रुततंय. रागाने.

मोठ्या रस्त्यावर मोटारींचं जे नवं काचेचं वर्कशॉप झालंय, तिथला टायवाला साहेब मिस्त्रीणला बोलावतोय. तिथे गाडीच वर उचलतात. बटण दाबलं की मोटार लिफ्टवर. चढायचं नाही, लटकायचं नाही. मोठ्या मिस्त्रींचा आग्रह आहे की तिने जावं. एक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय.

मी तिला विचारलं, "जाणार तू?"

ती गेंड्याच्या आत डोकं घालून होती. आतूनच म्हणाली, "बाबा म्हणतात, अजून किती दिवस पिंपावर?"

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते तेरा नंबरचा पाना दे."

दिला. बाप बरोबर बोलतोय, हाच तर घोळ आहे. ती गेली तर या गॅरेजमध्ये मी का राहायचं, याचं एकही कारण मला सुचत नाही. पण पिंप गेलं तर ती कशाला जाईल? म्हणजे पिंप घालवायचं. गेंड्याच्या नाकापर्यंत सुखाने पोचता येईल असं काहीतरी महिना संपायच्या आत आणायचं. इंजिनियर म्हणतात ना मला? दाखवतोच.

शुक्रवार, ७

मामाकडून हो म्हणवून घ्यायला दोन दिवस लागतील वाटलं होतं. "पिंपाऐवजी काहीतरी आणू?" एवढं म्हणालो आणि तो वर न बघता म्हणाला, "आण. काय हवं ते आण." माझं सगळं भाषण वाया गेलं.

अवजारांच्या दुकानातून घडीची शिडी आणली. हलकी, चकचकीत. तिने चढून बघितलं. पायऱ्या बोटभर रुंद. थोड्या वेळात तळपाय दुखायला लागले. वर एक हात शिडी धरण्यात अडकला. एका हाताने पाना फिरवायचा आणि निसटलेला नट दातांत धरायचा की काय? शिवाय गेंड्याचा बंपर मध्ये. शिडी बंपरच्या अलीकडे, इंजिन पलीकडे. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण दुरून नट कसे सुटणार?

"छान आहे," ती म्हणाली. "बल्ब बदलायला ठेवू."

सगळे हसले. मी शिडीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

आणखी एक. मी आज रेडिएटरचे चार नट आवळले. मी वळलो तसे तिने येऊन चारही पुन्हा तपासले, एक थोडा सैल केला. म्हटलं, विश्वास नाही तर सांगत का नाहीस? म्हणाली, "तुझ्या हातात जोर फार आहे. तुटला असता तर मालक तुला ओरडले असते." म्हणजे मला जोरही जास्त आणि अक्कलही कमी. वाक्य कसं बोलायचं हे या मुलीकडून शिकावं.

सोमवार, १०

सापडलं! अवजारांच्या दुकानदाराकडे एक भारी चीज आहे. मी तिला पालथी गादी म्हणतो. खाली चाकं असलेली मजबूत चौकट, तिच्यावर पायऱ्या, आणि डोक्यावर पुढे झुकलेली जाड गादीची फळी. पायऱ्या चढायच्या, गादीवर छाती टेकून पालथं पडायचं, की माणूस अलगद इंजिनावर तरंगतो. दोन्ही हात मोकळे. बंपरच्या वरून पार आत. उंची कमीजास्त करता येते. मी दुकानातच पडून बघितलं. अहाहा. झोप लागली असती.

दुकानदार म्हणाला, "घेऊन जा, वापरून बघा, नाही पटली तर परत आणा." न पटायला काय झालं?

उंची मी अंदाजाने लावून ठेवली आहे. बुधवारी गेंडा मोकळा होतोय. बुधवारी बघा.

बुधवार, १२

हात दाखवून अवलक्षण.

सकाळी गादी गेंड्यासमोर लावली. ती वर चढली, गादीवर टेकली, पाना आत घातला. पोचला! पार तळाच्या बोल्टपर्यंत. मी मनात म्हटलं, जिंकलो. बाकावर डेपोचे दोन ड्रायव्हर चहा पीत होते, ते कप घेऊन उठले आणि मागे येऊन उभे राहिले. समोरचा टायरवालाही हातातलं टायर टाकून आला. इतका अभिमान वाटला! म्हटलं, बघा, चांगल्या वस्तूची पारख सगळ्यांनाच असते. एक ड्रायव्हर तर म्हणालासुद्धा, "वा, रोज असंच काम काढा."

तिने एक बोल्ट सोडवला, मान वळवून मागे बघितलं आणि सरळ खाली उतरली.

"परत पाठव."

"का? पोचला की हात!"

"नको म्हणून."

"उंची कमी आहे? वाढवू?"

"नाही."

"गादी टोचते?"

"नाही म्हटलं ना! कळत नाही का तुला?"

मराठीत बोलते, पण अर्थ मात्र दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवलेला असतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी धावपळ केली, दुकानदाराच्या विनवण्या केल्या, आणि ही कारणसुद्धा सांगणार नाही? मी सगळ्यांसमोर ओरडलो, "मग चढ पिंपावर आणि पड बापासारखी!"

कुठेतरी एक पाना पडल्याचा आवाज झाला. मामाच्या हातातला होता.

तिने हात पुसले आणि पिंपाकडे गेली. चढली.

आता मी मागच्या खोलीत बसून लिहितोय. आधी लिही आणि मग तोंड उघड, असं मामी म्हणाली होती. क्रम चुकला.

गुरुवार, १३

आज मामीने मला स्टोअरच्या खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. सुटे भाग तीच सांभाळते. त्या खिडकीतून तिला सगळं गॅरेज दिसतं आणि गॅरेजला ती दिसत नाही.

"काय नडलं त्या गादीत?" मामीने विचारलं.

"काही नाही नडलं! तिचा हट्ट आहे."

"पालथं पडून बघितलंस तू?"

"बघितलं. झोप येत होती."

"दुकानात ना? आणि मागे कोण उभं होतं?"

"कोणी नाही."

"आणि तिच्या मागे?"

मी सांगायला तोंड उघडलं. दोन ड्रायव्हर. टायरवाला. कप हातात. मग ते कुठे उभे होते ते आठवलं. इंजिन पुढे होतं. ते सगळे मागे होते.

कान गरम झाले. तसाच उठलो. तो टायरवाला रस्त्यापलीकडेच असतो.

"बस खाली," मामी म्हणाली. "तू तिकडे जाऊन दोन दात पाडशील, आणि दुपारपर्यंत सगळ्या रस्त्याला कळेल का पाडलेस ते. उद्यापासून ती यायची नाही. तिला तमाशा नकोय रे, काम हवंय. ड्रायव्हरांचं मी बघते."

"तू काय बघणार?"

"बाक हलवते. चहा यापुढे गॅरेजच्या मागे मिळेल."

आणि खरंच दुपारी बाक मागे गेला. माझ्या डोक्यात हे का येत नाही? माझ्या डोक्यात आधी दात येतात.

गादी परत दिली. दुकानदाराने विचारलं, काय वाईट होतं? म्हटलं, "वस्तूत काही नाही. मीच विचारलं नव्हतं, वापरणार कोण." बोलून गेलो आणि मग आठवलं हे वाक्य कोणाचं. सर बरोबर होते असं मी म्हणत नाही. लाल पेन वापरायची काय गरज होती?

शनिवार, १५

सकाळी धीर करून तिच्यापुढे गेलो. हातात मोजपट्टी आणि खडू.

"उभं राहून काम करता येईल असं काहीतरी बनवून घेतो. वेल्डरकडून. झोपायचं नाही. तुझं माप लागेल."

तिने मोजपट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आधी बाबांबद्दल बोललास ते परत घे."

"घेतलं."

"असं पुटपुटून नाही. बोलताना आवाज कुठवर गेला होता?"

मग मी गॅरेजच्या मधोमध उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं की मी मोठ्या मिस्त्रींबद्दल बोललो ते चुकीचं होतं, त्यांच्याएवढा हात या रस्त्यावर कोणाचा नाही आणि माझी जीभ छाटायच्या लायकीची आहे. मामाने टाळ्या वाजवल्या. "पुन्हा एकदा, इंजिनियर! मागच्या बाकावर ऐकू आलं नाही!"

ती हसली नाही, पण माझ्या हातातला खडू घेतला. मला वाटलं होतं माप मी घेणार, आणि खोटं कशाला लिहू, काल दिवसभर मी त्याच विचारात होतो. तिने स्वतःच खांबाला पाठ लावली आणि हात मागे नेऊन एकेक रेघ ओढली. "हा गुडघा. ही मांडी. ही कंबर. हे कोपर. पुढे टेकायला काही हवं असेल तर ते मांडीच्या रेघेला. पोटाला नको, छातीला नको. मांडीला. मग मी कितीही वाकेन."

खांबावर पाच रेघा आहेत, कारण शेवटी तिने डोक्याचीही ओढली. खांब पुसायला मी सगळ्यांना बंदी केली आहे. माप मिटेल म्हणून.

मंगळवार, १८

दोन दिवस चित्र काढतोय. कॉलेजात एवढं कधी काढलं नाही. चार पाय, त्यातले पुढचे दोन बंपरच्या खाली सरकतील असे बुटके. दोन रुंद पायऱ्या. वर उभं राहायला फळी, तिला खरखरीत पत्रा, म्हणजे ऑइल सांडलं तरी पाय घसरणार नाही. पुढे मांडीच्या रेघेला आडवा दांडा, त्यावर जुन्या सीटचा फोम गुंडाळलेला. दोन्ही बाजूंना कठडा. चाकं स्प्रिंगवर. रिकामं असताना ढकलता येईल, पण कोणी चढलं की वजनाने चाकं वर जाऊन पाय जमिनीवर बसतील. आजच गेंड्यापाशी बसून बंपरची आणि मडगार्डची उंची तीनतीनदा मोजली.

वेल्डर काळा चष्मा कपाळावर चढवून चित्र बघत बसला. म्हणाला, "हे ट्रकसाठी आहे की लग्नासाठी?"

"म्हणजे?"

"इतक्या प्रेमाने काढलेली शिडी मी बघितली नाही."

शिडी नाही म्हटलं, स्टँड आहे. निष्कारण बडबडतो.

गुरुवार, २०

आला स्टँड. नुसती नामुष्की.

गेंड्यासमोर ढकलत नेला. पुढचे पाय बंपरखाली जाईनात. आपटले. बरं, तसाच ठेवून ती वर चढली, तर मांडीचा दांडा बरोबर, कठडा बरोबर, पण इंजिन पार खाली गेलेलं. विहिरीच्या काठावर उभं राहून घागर बघावी तसं. वेल्डर म्हणाला चित्राबरहुकूम आहे. मी पुन्हा मोजलं. स्टँड चित्राबरहुकूमच होता. चुकला होता तो गेंडा. मंगळवारपेक्षा चांगला वीतभर बुटका झाला होता.

मामा ओठ दाबून उभा होता. "इंजिनियर, मंगळवारी ट्रक कशावर होता?"

जॅकवर. मंगळवारी गेंड्याचं नाक वर उचललेलं होतं आणि पुढची चाकं काढून ठेवलेली होती. मी त्याच गेंड्याच्या पुढ्यात, त्याच चाकावर बसून, तीनतीनदा मोजलं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण खरंच वाकडं होतं, आणि तरी दोष नाचणाऱ्याचाच. मामा इतका हसला की त्याला उचकी लागली. मी डोक्यात राख घालून निघालोच होतो. चित्राचा बोळाही केला होता.

तेव्हा ती म्हणाली, "चूक माझी. जॅक मी लावला होता. हा मोजत होता तेव्हा सांगायला हवं होतं." आणि बोळा उचलून मांडीवर सपाट करायला लागली. "पाय कापले की झालं. बाकी चित्र उत्तम आहे."

तिची काय चूक? ती तेव्हा ट्रकच्या खाली होती, मी मोजत होतो हे तिला दिसलंसुद्धा नसेल. उगाच माझी दया करते. दया मला नकोय. मला काय हवंय ते तिला कधीच कळणार नाही.

बोळा तिने परत दिला नाही. वेल्डरला लागेल म्हणाली. वेल्डरकडे तर दुसरी प्रत आहे.

शनिवार, २२

टायवाला आला होता. गॅरेजमध्ये टाय! पंख्यात अडकला असता तर बरं झालं असतं. तिच्याशी दारात उभं राहून बोलत होता. मी जवळच झाडू मारत होतो. बराच वेळ तीच फरशी झाडत होतो.

"आमच्याकडे पूर्ण लिफ्ट आहेत," तो म्हणाला. "तुम्हाला फक्त बटण दाबायचं."

"आणि मोटारीच का फक्त?"

"फक्त मोटारी. स्वच्छ काम."

"अच्छा," ती म्हणाली. "एक तारखेला सांगते."

अच्छा म्हणजे काय? अच्छा म्हणजे होच ना? दहा दिवसही राहिले नाहीत. वेल्डरकडे जाऊन त्याच्या डोक्यावर बसलो. तो म्हणाला, "तू ठिणग्या उडवायला लागलास तर मशीन कशाला लावू?" सोमवारी देतो म्हणालाय.

सोमवार, २४

आज मोठ्या अक्षरात लिहितो.

स्टँड आला. गेंडा जमिनीवर आहे ना, हे मी वाकून चारही चाकांना हात लावून बघितलं. मग स्टँड ढकलला. पुढचे पाय बंपरखाली असे सरकले, जसा ड्रॉवर आत जातो. पहिल्यांदा मी चढलो. पडायचं असेल तर मी पडावं. नाचलो, उड्या मारल्या, मामाने खालून हलवून बघितलं. ढिम्म.

मग ती चढली. मांडी दांड्याला टेकवली, वाकली, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत इंजिनात गेले. पाय फळीवर सपाट. टाच उचललेली नाही. पोटाला मडगार्ड लागलेलं नाही. मागून दिसत होता तो कठडा आणि तिची वेणी. मी कुठे उभा होतो? बाजूला. मुद्दाम.

सकाळभर ती उतरलीच नाही. पाण्याचा पंप काढला, नवा बसवला, पट्टा चढवला. मध्येच गाणं गुणगुणायला लागली. ती गाते हे मला माहीत नव्हतं. पिंपावर कोणाला गाणं सुचत नसणार.

"मिस्त्रीणबाई गॅलरीत उभ्या आहेत," मामा म्हणाला. "चहा वर पाठवू का?" तेव्हापासून स्टँडचं नाव गॅलरी.

दुपारी ती शेजाऱ्याच्या गाडीतून वडिलांना घेऊन आली. मोठे मिस्त्री काठी टेकत आत आले. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच. गॅलरीचा कठडा धरून हलवला. वेल्डिंगवर नख फिरवलं. वाकून पाय बघितले. मग काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वर जातो."

"बाबा, नको."

"तू आहेस ना मागे? मग."

एकेक पायरी, दोन्ही कठडे धरून. वर पोचले, मांडी दांड्याला टेकवली आणि आत बघत राहिले. बराच वेळ. मग एक हात आत घातला आणि नव्या पंपावर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"पट्टा किंचित ढिला आहे," म्हणाले.

"नाहीये, बाबा."

"नाहीये," ते म्हणाले. "बघत होतो कबूल करतेस का."

मामा तोंड फिरवून जोरजोरात नाक शिंकरत होता. सर्दी झालीय वाटतं त्याला. संध्याकाळी मी बघितलं तर पिंप दारात नव्हतं. मागच्या अंगणात करवतीने मधोमध कापलेलं, दोन्ही अर्ध्यांत माती भरलेली. मामीने सांगितलं, मामाने स्वतः कापलं, कोणाला हात लावू दिला नाही. पिंपावर एवढा राग होता तर आधीच नाही का कापायचं? विचित्र माणूस.

मोठे मिस्त्री जाताना मला म्हणाले, "चित्र तू काढलंस? बरं आहे. कॉलेज का सोडलंस?"

म्हटलं, "सरांशी भांडण झालं."

"मग आता भांडण संपलं असेल ना? राग काही फार दिवस टिकत नाही. पंपासारखा. गळायला लागतो."

पण मुलगी जाणार की राहणार, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. गॅलरी झाली, आता माझ्या हातात काही उरलं नाही.

बुधवार, २६

जेवणाची सुट्टी. घाईत लिहितोय.

आत्ता तिने मला हाक मारली. ती वर, मी खाली.

"गॅलरीत एक दुरुस्ती आहे."

"काय?"

"फळी अजून हातभर रुंद कर."

"का? तुझ्या मापाची आहे. खांबावर रेघा आहेत."

"एकाला पुरते. दोन माणसं उभी राहिली पाहिजेत."

"दुसरं कोण?"

"बॅटरीचा उजेड धरायला कोणीतरी लागतं ना."

"बॅटरीला हुक केलाय की मी! कठड्याला. तो डावीकडे."

"हुक बोलत नाही," ती म्हणाली.

म्हटलं, रुंद केली तर पाय बाहेर घ्यावे लागतील, आणि दुसऱ्या माणसाचं माप कुठे आहे? उगाच अंदाजाने करणार नाही, अंदाजाने काय होतं ते आपण गादीच्या वेळी बघितलं. ती खाली उतरली. माझ्या खिशातून खडू काढला. "खांबाला उभा राहा."

उभा राहिलो.

"श्वास सोड. छाती फुगवून खोटं माप देऊ नकोस."

श्वास सोडला. तिने माझ्या एका खांद्याशी रेघ ओढली, मग दुसऱ्या. तिच्या रेघांच्या अगदी शेजारी. डोक्याच्या रेघेसाठी तिला पायरीवर चढावं लागलं. मग लांब होऊन बघितलं, मान हलवली आणि डबा घेऊन तिथेच खांबाशी खायला बसली.

मी मोजमाप घेऊन स्टोअरच्या खिडकीशी आलो. मामीला म्हटलं, हे बघ, एक तारखेला जाणार आणि जाता जाता मला कामाला लावून जाते. मामीच्या हातातला बशीतला चहा सांडला. हसता हसता.

"जाणारी पोर फळी रुंद करायला सांगते का रे?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नाही सांगत! ज्या घरातून निघायचं तिथे कोणी खिडक्या बसवत नाही. म्हणजे राहतेय. राहतेय! टायवाल्याने बटणं दाबत बसावं.

आता हिशोब करून टाकतो, मग वेल्डरकडे जातो. तिची रुंदी अधिक माझी रुंदी, मध्ये कोपर हलायला जागा. माझीच का घेतली? बरोबर आहे, गॅरेजमध्ये सगळ्यात रुंद खांदे माझेच, माझं माप घेतलं की बॅटरी धरायला कोणीही उभं राहिलं तरी मावेल, म्हणून

थांब.

मामाचे खांदे माझ्यापेक्षा रुंद आहेत.

वही मिटतो. सुट्टी संपायला अजून वेळ आहे. ती खांबाशी बसलीय आणि शेजारी जागा ठेवलेली दिसतेय, हातभर. पाठीवरचा खडू मी झटकलेला नाही.